कालावलचे लाल बावटे

"पुरशा, तुझा गाव हाच ना रं?" मुकादमचाचांनी विचारलं, आणि दुर्बीण माझ्या हातात न देता आपल्याच डोळ्यांना लावून ठेवली.

"होय. त्या टेकाडाखाली. माडांच्या वर पांढरं देऊळ दिसतंय का?"

"दिसतंय. देवळामागं लुगडी वाळत घातलीत, तीवी दिसतायत. तुझ्या आयशीचं कंचं, सांग."

"चाचा, द्या ना."

"देतो रं. चार वरसं थांबलास, आता चार मिनटं थांब."

एकोणीसशे पंचेचाळीसचा नोव्हेंबर. सकाळचे साडेआठ-नऊ झाले असतील. समुद्र परातीतल्या पाण्याइतका शांत होता. आम्ही दोघं 'कालावल'च्या पिछाडीला उभे होतो. लढाई संपून तीन महिने झाले होते आणि मला चार वर्षांत पहिल्यांदा माझा गाव दिसत होता, तोही समुद्राच्या बाजूने. चाचा म्हणजे दाभोळचे इब्राहिम मुकादम, आम्हां खलाशांवरचे पेटी ऑफिसर. माणूस जिभेने फटकळ, पण पोटात माया.

'कालावल' ही काही जन्माची लढाऊ बोट नव्हे. मुळात ती आमच्या किनाऱ्यावरची उतारूंची आगबोट. मुंबईच्या चाकरमान्यांना शिमग्याला आणि चतुर्थीला आणून सोडायची आणि जाताना फणस, कोकमं आणि रडणाऱ्या म्हाताऱ्या घेऊन जायची. लढाई सुरू झाल्यावर सरकारने तिला घेतली, राखाडी रंग फासला, पुढे एक तोफ ठेवली, मागे पोलादी तारेचं मोठं रहाट बसवलं, आणि सुरुंग काढायच्या कामाला लावली. मी एक्केचाळीस साली तिच्यावर चढलो तेव्हा उतारूंच्या बाकांच्या खुणा डेकवर अजून दिसत होत्या. बाकी तिचा भोंगा तोच होता. आमच्या गावातलं पोर न् पोर तो भोंगा ओळखायचं.

गेल्या वर्षी नौदलातले एक निवृत्त साहेब घर शोधत आले. जुन्या जहाजांच्या कामगिरीची पुस्तिका काढतायत म्हणे. 'कालावल'वरचा हयात असलेला मी एकटाच सापडलो. त्यांनी टाईप केलेला कागद वाचून दाखवला. अर्धं पान. कराची, कोलंबो, ब्रह्मदेशातला अराकानचा किनारा, आणि एकूण सुरुंग त्रेपन्न. चार वर्षांचा घाम आणि भीती त्या अर्ध्या पानात मावली होती, आणि वर थोडी जागाही उरली होती. शेवटची ओळ होती, '१९ नोव्हेंबर १९४५ : सात सुरुंग नष्ट. जहाजास हानी नाही.'

"काही चुकलं असेल तर सांगा," साहेब म्हणाले.

मी दोन तारखा दुरुस्त करून दिल्या. शेवटच्या ओळीला हात लावला नाही. तिच्यात चुकीचं असं काही नव्हतंच. जहाजाला खरोखरच काही झालं नाही. आणि साहेब भले असले तरी परके. शिवाय तेव्हा आमची वयनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, जिवंत होती. ती गेल्या श्रावणात गेली. आता बोलायला हरकत नाही.

तर आमचं काम असं होतं. सुरुंग म्हणजे भल्या मोठ्या माठाएवढा लोखंडी गोळा, अंगावर शिंगं, पोटात दारू. तो पाण्यावर दिसत नाही. तळाशी वजन, वजनाला दोर, आणि दोराच्या टोकाला पाण्याखाली दोन पुरुष खोल तो लोंबकळत असतो. आमच्या गावासमोरचे सुरुंग जपान्यांचे नव्हेत बरं का. बेचाळीस साली जपानी येतील या धाकाने आपल्याच सरकारने पेरले होते, आणि आता आपणच काढायचे होते. बोटीच्या मागून एक लांब तार बाजूला फाकत जायची. तारेला दात होते. सुरुंगाचा दोर तारेत अडकला की कापला जायचा, सुरुंग भप्पकन वर यायचा, आणि डेकवरचे आमचे नेमबाज दुरून गोळ्या घालून त्याला फोडायचे किंवा बुडवायचे.

एक पट्टा साफ झाला की त्याच्या दोन्ही कडांना खुणा लावायच्या. खूण म्हणजे तरंगणारा पिंपासारखा बोया, त्यात उभा बांबू, बांबूला लाल बावटा, आणि खाली दोर बांधून वजन. हे बावटे पाण्यात टाकणं हे माझं काम. दोन रांगांच्या मधलं पाणी साफ. रांगांच्या बाहेर अजून मरण. चार वर्षांत मी असे किती बावटे टाकले असतील, देव जाणे. कराचीसमोर टाकले, अराकानच्या किनाऱ्यावर टाकले, आणि कुठलाही मच्छीमार कधी आमच्या दोन रांगांच्या मध्ये शिरला नाही. आम्ही आपले म्हणायचो, काय शिस्तीचे लोक आहेत.

तीन दिवसांपूर्वी कप्तान साहेबांनी मला वर बोलावलं होतं. गोरा माणूस, हिंदुस्थानी मोडकंतोडकं, पण वागायला सरळ. म्हणाले, "हा तुझा मुलूख. गावांतून दवंडी पिटवायची आहे. समुद्रात जाऊ नका, हे सरकार सांगतंच आहे. आणखी काय सांगावं?"

मी छाती काढून म्हटलं, "बावट्यांना कोणी हात लावू नका, एवढं सांगा साहेब. नाहीतर बांबू चुलीत जाईल आणि कापडाची लंगोटी होईल."

साहेब हसले, चाचा हसले, मीही हसलो. तशीच दवंडी गेली. आपल्या माणसांची नस आपल्याला ठाऊक, अशा ऐटीत मी खाली उतरलो होतो.

"घे बाबा एकदाची," चाचांनी दुर्बीण दिली. "होड्या निघाल्यात तुमच्या. जाऊ नका म्हटलं की निघायचंच, असा मुलूख आपला."

त्यात लोकांचा तरी काय दोष. 'समुद्रात जाऊ नका' हे तीन वर्षं ऐकून त्यांचे कान किटले होते. लढाई संपली हेही त्यांनी ऐकलं होतं. तीन वर्षं त्या पाण्यात कोणी जाळं घातलेलं नव्हतं, म्हणजे मासळी किती असेल याचा हिशेब पाळण्यातलं पोरही करील.

सहा होड्या होत्या. एकेकीवरून दुर्बीण फिरवली, आणि चौथीवर माझा हात थांबला. तपकिरी शीड, कोपऱ्यात गोणपाटाचं ठिगळ. हे ठिगळ मी लावलेलं. आणि मागे एक पाय काठावर टेकवून, कमरेवर हात ठेवून उभा असलेला माणूस म्हणजे माझा वासूदादा.

मला रडू आलं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. बाप गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. वासूदादाने मला वाढवलं, पोहायला शिकवलं, जाळं विणायला शिकवलं, आणि त्या होडीत चौथा माणूस म्हणून घेतलं. मी नौदलात जातो म्हटल्यावर महिनाभर बोलला नाही, आणि निघायच्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बंदरापर्यंत पुढे पुढे चालत राहिला. माझ्या जागी आमचा चुलतभाऊ गोपो होडीत आला. दादाला लिहिता येत नव्हतं. शाळामास्तरांकडून वर्षाकाठी एक पत्र यायचं, त्यात शेवटी हटकून असायचं, 'पुरसो शिमग्याक येतलो काय ता कळवचा.'

"काय रं, कोन हाय?" चाचांनी विचारलं.

"माझा भाऊ. ते ठिगळाचं शीड. बघा, केस पिकले हो त्याचे."

"तू काय कमी छळलं असशील. रजा मागू या साहेबाकडं. परवा काम संपलं की तुला गलबतानं उतरवू, भावाच्या दारात."

मी हसत होतो. 'कालावल' दक्षिणेकडच्या रांगेच्या बाहेरचा नवा पट्टा कापत चालली होती. तार पाण्यात होती. पहाटेपासून पाच सुरुंग निघाले होते आणि दोन तरी अजून असावेत, असा साहेबांच्या नकाशाचा अंदाज होता. मी दुर्बिणीतून दादाकडे बघतच होतो, तेव्हा होड्या वळल्या.

खाडीच्या तोंडातून त्या सरळ येत होत्या, सरळ आमच्या बावट्यांकडे. आणखी शंभर हात आल्या असत्या तर साफ पाण्यात शिरल्या असत्या. पण पहिली होडी बावट्यापासून चार वाव अंतर ठेवून वळली. दुसरी वळली. मग सहाही होड्या, एकामागून एक, रांगेच्या बाहेरून, आदबीने, बावट्यांना वळसा घालून खोल समुद्राकडे चालू लागल्या. दादाची होडी सगळ्यांत जास्त अंतर राखून होती.

मी दुर्बीण खाली केली.

आमच्या गावात दोन बांबू आणि त्यांवर फडकी, म्हणजे मध्ये कोणाचं तरी जाळं आहे. दोन फडक्यांच्या मध्ये जायचं नाही. कोणाचं का असेना, वैऱ्याचं असलं तरी. मी बारा वर्षांचा असताना गंमत म्हणून एकदा गेलो होतो, तर दादाने मला सगळ्या गावासमोर बडवलं होतं आणि त्या जाळ्याच्या मालकाच्या पायांवर घातलं होतं. चोरी केली तर गाव विसरेल, पण हे विसरणार नाही. आणि आम्ही काय केलं होतं? साफ पाण्याच्या दोन्ही बाजूंना बांबू लावून त्यांवर फडकी बांधली होती, आणि वर दवंडी पिटवली होती की त्यांना हात लावू नका. ते लोक आमचा मान राखत होते. मान राखायला म्हणून सुरुंगांवरून चालले होते.

अराकानपासून कराचीपर्यंतचे सगळे शिस्तीचे लोक मला त्या क्षणी आठवले. चार वर्षं ज्याच्या पोटी हे ज्ञान होतं, तो माणूस म्हणजे मी, आणि मी साहेबांना लंगोटीचा विनोद सांगून आलो होतो.

"चाचा," मी म्हटलं, "ते आत येणार नाहीत."

"चांगलंच की. लांब हायत."

"चाचा, बाहेर सुरुंग आहेत. त्यांना वाटतंय बावट्यांच्या मध्ये आमचं जाळं आहे. ते बाहेरच राहणार. बघा, जाळी सोडायला लागले."

चाचांचा चेहरा बदलला. ते कोकणचेच, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. धावतच वर गेले. मी मागोमाग. साहेबांनी ऐकून घेतलं, होड्यांकडे पाहिलं, मग मागच्या तारेकडे.

"मला थांबता येत नाही," ते म्हणाले. "थांबलो तर तार तळाला बसेल, आणि तिच्यात काय अडकलंय ते मला माहीत नाही. वळताही येत नाही. रहाटावर तार गुंडाळायला सांगा. अर्धा तास लागेल. तोवर भोंगा देतो."

भोंगा वाजला. 'कालावल'चा जुना, शिमग्याचा भोंगा. होड्यांवरच्या माणसांनी माना वळवल्या आणि वल्ही उचलली. आपण अजूनही फार जवळ आहोत, बोटवाले रागावले, असं त्यांना वाटलं असणार. होड्या आणखी बाहेर सरकल्या.

तेवढ्यात पिछाडीवरून ओरड झाली आणि मी खाली धावलो. सहावा सुरुंग वर आला होता. आमच्या मागे, पण होड्यांच्या बाजूला. काळा, गोल, पाणी निथळणारा. नेमबाजाने बंदूक उचलली आणि परत खाली केली. त्याच्या नेमात सुरुंगामागे दादाचं शीड होतं.

"मारू नका," साहेब वरून ओरडले. "होड्या बाजूला झाल्याशिवाय मारू नका."

ओहोटी लागली होती. सुरुंग हळूहळू, कोणाला काही घाई नसल्यासारखा, दादाच्या जाळ्याकडे वाहत चालला होता. त्या लोकांना तो दिसणं शक्य नव्हतं. अर्ध्याहून जास्त पाण्यात होता आणि ऊन त्यांच्या डोळ्यांवर होतं.

मी काय केलं ते आता सांगतो. मी तारेच्या रहाटावर चढलो, अंगातला पांढरा सदरा काढला, आणि डोक्यावर धरून हलवू लागलो. ये, इकडे ये, आत ये. नरडं फुटेस्तोवर ओरडत होतो. "दादा, आत ये. वासूदादा, आत." वारा समोरून होता. माझाच आवाज माझ्या तोंडात परत येत होता. पण सदरा दिसत होता. दादाने वळून पाहिलं. हात कपाळाशी धरून कितीतरी वेळ पाहत राहिला. मला वाटलं, ओळखलं, आता येईल.

मग त्याने वल्हं उचललं आणि सरळ, उभं, आकाशाकडे धरलं. एकदाच. आणि खाली केलं.

माझा हात सदऱ्यासकट हवेतच राहिला. आमच्या पाण्यात एखाद्याची होडी आपल्या जाळ्याजवळ आली, तर जाळ्याचा मालक उभा राहतो आणि मुंडासं किंवा सदरा डोक्यावर हलवतो. त्याचा अर्थ, इथे माझं जाळं आहे, तुझं उचल आणि जा. समोरच्याने वल्हं उभं धरायचं. त्याचा अर्थ, कळलं, उचलतो आणि जातो. मी हे लहानपणापासून शंभर वेळा केलेलं. दादाच्याच होडीतून केलेलं. आणि ऐन वेळी माझ्या हातांना दुसरं काही सुचलं नाही.

"दादा, नको," मी म्हटलं. ते ओरडणं नव्हतं.

चौघंही उठले आणि जाळं ओढायला लागले. शहाण्या माणसांसारखे, चटाचट, हातावर हात. जाळ्याचं लांबचं टोक आमच्याकडे होतं आणि सुरुंग त्याला जाऊन टेकला होता. मला गळ्यातल्या दुर्बिणीतून सगळं दिसत होतं. जाळं ताठ झालं. त्यांनी ओढणं थांबवलं, एकमेकांकडे पाहिलं. गोपो काही तरी बोलला. दादाने मान हलवली, पाय काठाला लावले आणि पुन्हा ओढायला लागला. जड लागलेलं जाळं कुठला मच्छीमार सोडतो? मी त्या होडीत असतो तर मीही ओढलं असतं.

आवाज आधी आला की पाणी आधी उडालं, ते मला आजही सांगता येत नाही. पाण्याचा पांढरा खांब उभा राहिला, देवळाच्या शिखराच्या वर गेला, आणि पडायला फार वेळ लागला. तो पडल्यावर तिथे शीड नव्हतं. पाणी तेवढं हिरवट-पांढरं झालेलं आणि त्यात पोटं वर करून मेलेली मासळी. एवढी मासळी मी आयुष्यात एका जागी पाहिली नाही.

मी रहाटावरून खाली कसा आलो ते आठवत नाही. चाचा माझ्या दंडाला धरून होते. बाकीच्या होड्या त्या जागेकडे धावल्या होत्या. आता त्यांना कोणाच्याच बावट्यांची पर्वा नव्हती, आणि त्या सगळ्या सुरुंगांच्या पाण्यातून सुखरूप गेल्या. 'कालावल' थांबली नाही. थांबणारच नव्हती. तार अजून पाण्यात होती.

"पुरशा," चाचा खालच्या आवाजात म्हणाले, "खुणेची जागा आली. बावटा टाक. मी टाकू का?"

मी बावटा उचलला आणि टाकला. बरोबर जागेवर टाकला. पाचेक मिनिटांनी पुढचाही टाकला. माझे हात आपलं काम करत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं झाली, मला सगळ्यात जास्त धक्का त्याचाच बसतो. दुपारी सातवा सुरुंग निघाला. तो नेमबाजाने दुसऱ्या गोळीत फोडला.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. चाचांनी त्यांना सगळं सांगितलं असावं. "तू त्यांना आत बोलावत होतास," ते म्हणाले. "तुला जमेल तेवढं तू केलंस." मी सलाम ठोकला. त्यांना काय समजावणार होतो मी? रजा मिळाली.

तिसऱ्या दिवशी चाचांनी स्वतः मला होडीने किनाऱ्यावर सोडलं. वाटेत मी ठरवून टाकलं होतं. घरात शिरायचं आणि पहिल्या श्वासात सांगायचं की सदरा हलवणारा मी होतो, आणि कशासाठी हलवत होतो. त्यानंतर आयेने घराबाहेर काढलं तर निघून यायचं. लपवून जगणं मला झेपणार नव्हतं.

दादा सापडला नव्हता. दुसरे दोघे सापडले होते आणि त्यांचं सगळं उरकलं होतं. जगला तो एकटा गोपो, माझ्या जागेवर आलेला. स्फोटाने तो लांब फेकला गेला होता आणि पाठीमागच्या होडीने त्याला उचललं होतं. आमच्याच ओटीवर खांबाला टेकून बसला होता. डोक्याला फडकं, कानांत कापूस. आये चुलीशी होती. वयनी आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटलेलं. तिची धाकटी पोर आत काही तरी मागत होती आणि तिला कोणी उत्तर देत नव्हतं.

आयेने माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांनी. उठून मला पाणी दिलं.

"पुरसो इलो," गोपो मोठ्याने म्हणाला. कान गेल्यामुळे त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो ओरडूनच बोलत होता. "मोट्यान बोल हां माझ्यावांगडा. एका कानान वाईच येता आयकाक, दुसरो गेलो."

मी त्याच्याजवळ बसलो. तोंड उघडायच्या आत तोच बोलायला लागला.

"आमी तुमच्या बावट्यांका शिवलाव नाय हां. दवंडी आयकलली. वासूदादान सगळ्यांका आदीच सांगलल्यान, आगबोटवाल्यांनी जाळा घातलाहा, मदी कोणी जावचा नाय. भोंगो वाजलो तेवा आमी आणखी भायर सरलाव. तरी असा कसा झाला, ताच समजणा नाय."

मी मान खाली घातली.

"मगे कोण तरी धवो कपडो हलयताना दिसलो. आमी काय वळाखलाव नाय. दादान वळाखल्यान. बघीत रवलो, बघीत रवलो, आणि हसलो. म्हणालो, 'अरे, पुरसो मरे तो. उबो रवाची ढब बघ. आमचोच पुरसो.'" गोपोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. "चार वर्सांनी बघीत व्हतो तुका. मगे म्हणालो, 'तेचा जाळा आसा ता. उचला, बेगीन उचला.' मिया म्हटलंय, दादा, आताच घातलाव, वाईच रव. तर म्हणता, 'परक्याची आब राखतंव आपण, मगे भावाची नको?'"

चुलीवरच्या मडक्यातली पेज उतू जात होती. आयेचं तिकडे लक्ष नव्हतं.

"जाळा जड लागला. मिया म्हटलंय, दादा, ह्या काय तरी येगळा आसा, सोडूया. तो म्हणालो, 'पुरसोच्या वाटणीची मासळी आमच्यात घुसली. वढ, मेल्या. रातचा तेका नेवन देवया.'"

अंगणात कावळे ओरडत होते. माझ्या कानांत दादाचा आवाज गोपोच्या तोंडून येत होता आणि मला वाटलं, आता सांगितलं नाही तर मी इथेच फुटेन.

"गोपो," मी म्हटलं, "मी जावा म्हणान हात करी नव्हतंय. आत येवा म्हणान करी व्हतंय. थंय जाळा नव्हताच. थंय साफ पाणी व्हता."

"काय?" गोपोने कानाला हात लावला. "काय म्हणतस?"

त्याला ऐकू आलं नव्हतं. पण आयेला आलं होतं. ती उठली. आतल्या लोटलेल्या दाराकडे तिने एकदा पाहिलं, मग माझ्या अगदी जवळ येऊन बसली आणि माझा दंड धरला.

"मिया आयकलंय," ती हळूच म्हणाली. "माका सांगलंस, झाला. आता तिका आयकव नको. तिच्या घोवान भावाची आब राखल्यान, इतक्याच तिच्याकडे उरलाहा. ता काढून घेव नको."

"आये, पण मी..."

"तुका सोसचा लागतला. माकाव सोसचा आसा."

"काय म्हणता तो?" गोपो पुन्हा ओरडला, आता थोडा घाबरून, आळीपाळीने आमच्या तोंडांकडे बघत. "पुरसो, जाळा तुझाच व्हता ना? दादा काय चुकलो नाय ना?"

आत पोरीचं मागणं थांबलं होतं. दाराच्या फटीत वयनीचा पदर दिसत होता.

मी गोपोच्या बऱ्या कानाशी तोंड नेलं, आणि आतल्या खोलीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने ओरडलो, "होय. जाळा माझाच व्हता."

गोपोने सुटल्यासारखा श्वास टाकला आणि डोकं खांबाला टेकवलं.

"मगे दादान बरोबर केल्यान," तो म्हणाला.